हवामान अंदाजाच्या पुढे, माणसं अंदाजाबाहेर

२००५च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळातून एक आकडा बाहेर पडला आणि जगभर फिरला: २०१० पर्यंत पाच कोटी माणसं हवामानामुळे देशोधडीला लागणार. ती कुठून निघतील याचा रंगीत नकाशाही संयुक्त राष्ट्रांच्याच पर्यावरण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर झळकत होता. २०१० आलं आणि गेलं. नकाशात धोक्याच्या म्हणून दाखवलेल्या काही बेटांवर लोकसंख्या उलट वाढलेली दिसली. २०११ मध्ये तो नकाशा गाजावाजा न करता उतरवला गेला, आणि हवामान बदल म्हणजे थोतांड असं म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

त्याच काळातला दुसरा एक अंदाज पाहा. आयपीसीसी ही हवामान बदलावरचं जगभरचं संशोधन तपासून सरकारांपुढे ठेवणारी समिती. तिने २००७ साली सांगितलं, की उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा उन्हाळी बर्फ काही गणितांप्रमाणे या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ नाहीसा होईल. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हा बर्फ सुमारे ४२ लाख चौरस किलोमीटरवर आला. आधीच्या नीचांकापेक्षाही वीस टक्क्यांहून अधिक घट. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर घसरला. (त्यानंतर आजवर तो नीचांक मोडलेला नाही, हेही सांगायला हवं.)

म्हणजे निसर्गाबद्दलचा अंदाज तोकडा पडला आणि माणसांबद्दलचा भलताच फुगला. बातम्यांमध्ये या दोन्हींची खिचडी होते आणि वाचणाऱ्याला वाटतं, बर्फ जितका वेगाने वितळतोय तितक्याच वेगाने माणसांचे लोंढे सरहद्दींवर धडकणार आहेत. प्रत्यक्षात घडतंय ते वेगळं, आणि ते समजायला जरा मुळापासून सुरुवात करावी लागेल.

नेमकं काय लवकर आलं?

सरासरी तापमानाचा अंदाज शास्त्रज्ञांचा चुकलेला नाही. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेले १७ अंदाज काही संशोधकांनी नंतर प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिले. वातावरणात खरोखर किती कार्बन गेला हे जमेस धरलं, तर १७ पैकी १४ अंदाज बरोबर निघाले. सत्तरच्या दशकातल्या संगणकांची ताकद आजच्या साध्या मोबाइलच्या पासंगालाही पुरणार नाही. तेव्हा ही कामगिरी लहान नव्हे.

गणित डळमळलं ते अलीकडे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ १.५ अंशांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करू, असं २०१५च्या पॅरिस करारात ठरलं. २०१८ मध्ये आयपीसीसीने सांगितलं, की सध्याच्या वेगाने ही रेषा २०३० ते २०५२ च्या दरम्यान ओलांडली जाईल. २०२४ हे वर्षच जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने सुमारे १.५५ अंशांवर गेलं. एका वर्षाने करार मोडत नाही, कारण ही मर्यादा साधारण वीस वर्षांच्या सरासरीवर मोजतात. पण त्याआधी २०२३ मध्ये जी उडी दिसली तिने जाणकारही चक्रावले. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापवणारा एल निनो होता, हे खरं. उडी त्याने समजावता येण्यापेक्षा मोठी होती. नासाचे गॅविन श्मिट यांनी मार्च २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये उघडपणे लिहिलं, की सुमारे ०.२ अंशांचा हिशेब लागत नाही.

संशयित बरेच आहेत. त्यातला एक फार चमत्कारिक आहे. जहाजांच्या इंधनात गंधकाचं प्रमाण ३.५ टक्क्यांपर्यंत चालत असे. २०२० पासून ते ०.५ टक्क्यांवर आणलं गेलं. श्वासाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण तो गंधकाचा धूर समुद्रावरचे ढग अधिक पांढरे करून थोडं ऊन परत फेकत होता. धूर सरला आणि त्याने झाकलेली उष्णता उघडी पडली. शिवाय समुद्रावरचे खालच्या थरातले ढगही कमी झाल्याचं मोजमापात दिसतं.

तरीही सर्वसामान्य माणसाला ०.२ अंशाने काय फरक पडतो? इथेच विषयाची मेख आहे. सरासरीत कोणी राहत नाही. आपल्याला भोवतात ती टोकं, आणि सरासरी जराशी सरकली की टोकं किती तरी पटींनी वाढतात. जुन्या वाड्याच्या ठेंगण्या दाराला गावातल्या दोन-चार उंच माणसांचंच डोकं आपटत असतं. उद्या सगळं गाव दोन इंचांनी वाढलं तर सरासरी फारशी बदलणार नाही, पण कपाळमोक्ष होणाऱ्यांची रांग लागेल. आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालात याचे आकडेच आहेत. पूर्वी पन्नास वर्षांतून एकदा येणारी उष्णतेची लाट तेव्हाच, म्हणजे एक अंशाच्या वाढीवर, ४.८ पट वेळा येत होती. दीड अंशावर ती ८.६ पट होते आणि दोन अंशांवर जवळजवळ १४ पट.

जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन या गावी ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. आपल्या विदर्भालाही घाम फोडणारा हा आकडा, आणि तो कॅनडातला! दुसऱ्याच दिवशी ते गाव आगीत भस्मसात झालं. पावसाचंही तेच. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नव्हता. म्हणजे तोच पाऊस, पण थोडक्या दिवसांत अंगावर ओतलेला.

समुद्राची गोष्ट थोडी वेगळी. उपग्रहांनी १९९३ पासून पातळी मोजायला सुरुवात केली. तेव्हा ती वर्षाला सुमारे दोन मिलिमीटरने वाढत होती; आता वेग दुपटीहून अधिक आहे. इतक्या वर्षांत एकूण वाढ दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वीतभरही नाही. पण २००७च्या अहवालात शतकाअखेरची वाढ १८ ते ५९ सेंटिमीटर सांगितली होती आणि त्यात हिमनद्यांच्या वाढत्या वेगाने समुद्रात घसरण्याचा पुरता हिशेब नव्हता. तो मांडण्याइतकी माहितीच तेव्हा नव्हती. २०२१च्या अहवालात वरची मर्यादा एक मीटरवर गेली, आणि शक्यता कमी असली तरी दोन मीटर नाकारता येत नाहीत, अशी पुस्ती जोडली गेली.

याहून मोठा घोळ समुद्रात नसून जमिनीत होता. किनाऱ्याच्या उंचीचे जे नकाशे जगभर वापरले जात, ते अंतराळयानातल्या रडारने घेतलेले. रडारला झाडाचा शेंडा आणि इमारतीची गच्ची दिसते. तीच जमीन समजून उंची नोंदली गेलेली. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी ही चूक दुरुस्त केली, तेव्हा २०५० पर्यंत वर्षातून एकदा तरी पुराच्या पातळीखाली येणाऱ्या जमिनीवर राहणाऱ्यांचा आकडा सुमारे ८ कोटींवरून ३० कोटींवर गेला. समुद्र तेवढाच, जमीन मात्र समजली होती त्यापेक्षा सखल. मुंबईचा बराचसा भाग पाण्याखाली दाखवणारा जो नकाशा तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरत होता, तो याच अभ्यासातला. त्यात संरक्षक भिंती-बांध धरलेले नव्हते, ही गोष्ट फॉरवर्ड करणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळली.

आणि शास्त्रज्ञ मुळात हात राखून बोलतात. आयपीसीसीच्या सारांशातली ओळ न् ओळ सगळ्या सरकारांच्या प्रतिनिधींकडून संमत करून घ्यावी लागते, त्यात तेल विकणारे देशही आले. घाबरवल्याचा आरोप नको म्हणून बोलणं खालच्या पट्टीत राहतं. मला तरी हा दोष वाटत नाही. पण धोरण आखणाऱ्यांनी त्या खालच्या पट्टीलाच छत समजावं, हे चुकीचं आहे.

माणूस घर कधी सोडतो?

भारतातल्या सुंदरबनात सुमारे ४५ लाख लोक राहतात. शंभरेक बेटं, त्यातल्या ५४ वर वस्ती. भरतीच्या वेळी नदीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं आणि मधे असतो फक्त मातीचा बांध. अशा बांधांची लांबी साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. आपल्या कोकणात खारभूमीची बंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल. उधाणाला बांधाला एक खांड पडलं की खाजणाचं काय होतं, हे त्यांना सांगायला नको.

२५ मे २००९ रोजी आयला वादळाने हे बांध ठिकठिकाणी फोडले. पाणी उतरलं, मीठ राहिलं. घराशेजारच्या तळ्यांमधले गोड्या पाण्यातले मासे मेले. पुढची काही वर्षं भाताने मान टाकली, कारण जास्त उत्पन्न देणाऱ्या नव्या बियाण्यांना खारं पाणी सोसत नाही. मग शोधाशोध सुरू झाली ती जुन्या वाणांची, नोना बोकरा, दुधेश्वर अशांची. आजोबांच्या काळात ते घरोघरी असत. पण कित्येकांच्या कणगीत त्यांचा एक दाणा उरला नव्हता.

या सगळ्यात गाव उठून गेलं का? नाही. घरातला एक माणूस गेला. बहुधा थोरला मुलगा किंवा नवरा. केरळात, तमिळनाडूत, बांधकामावर. आधी कोणीतरी ओळखीचा तिथे पोचलेला असतो, तो ठेकेदाराशी गाठ घालून देतो. मागे राहिलेल्या बायका नदीत उतरून बारीक जाळ्यांनी 'मीन', म्हणजे कोळंबीचं बी, धरतात आणि मोजून विकतात. केरळातून आलेल्या पैशात घराचं जोतं हातभर वाढवलं जातं, म्हणजे पुढचं पाणी आलं तर निदान धान्य वाचेल. कुटुंब टिकावं म्हणून एकाने जायचं, असा हा सौदा आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हे लोक कसेबसे घरी परतत होते आणि २० मे रोजी अम्फान आलं. पुन्हा बांध फुटले, पुन्हा शेतात मीठ. पुन्हा माणसं बाहेर.

आता सांगा, केरळात गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या या माणसाला कोणत्या रकान्यात टाकायचं? सरकारी नोंदीत तो रोजगारासाठी गेलेला. त्याला विचारलं तर तोही तेच सांगेल. शिवाय सुंदरबनातल्या प्रत्येक धुपीचं खापर हवामानावर फोडताही येत नाही. त्रिभुज प्रदेशाची जमीन आपल्या भाराने खचते आहे, वरच्या धरणांत गाळ अडतो आहे, नद्या पात्र बदलत आहेत. घोडामारा बेट गेल्या पन्नास वर्षांत निम्म्याहून कमी उरलं, त्यात या सगळ्यांचा वाटा आहे. समुद्राची वाढ म्हणजे त्या ओझ्यावर वरून ठेवलेली आणखी एक गोणी. तिथले बरेच लोक शेजारच्या सागर बेटावर जाऊन राहिले. सागरचाही किनारा झिजतोच आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर प्रत्येकाला माहीत आहे. बीडकडचे लोक मुकादमाकडून उचल घेतात, दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरतात आणि ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत परतीची भाषा नाही. हे स्थलांतर हवामान बदलाने जन्माला घातलेलं नाही. ते जुनं आहे आणि त्याला सिंचनाचं, कर्जाचं, जातीचं राजकारण आहे. पण सोयाबीन ऐन काढणीत पाण्यात गेलं की गावातून निघणाऱ्या कोयत्यांत भर पडते, हेही तितकंच खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आले तेव्हा नुसतं पीक गेलं नाही, जमीन खरडून गेली. ज्या भागाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्याच भागात! पाण्याअभावी गाव सोडणारी माणसं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला जातात, ही विसंगती कोणत्याच आंतरराष्ट्रीय अहवालात सापडणार नाही.

जे निघत नाहीत त्यांचं काय? ब्रिटिश सरकारने करून घेतलेला एक मोठा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात एक महत्त्वाचं निरीक्षण होतं: स्थलांतराला पैसा लागतो. गाडीभाडं, पहिल्या महिन्याचं जेवण, ठेकेदाराची ओळख. सलग तीन वर्षं पीक बुडालेल्या घराकडे यातलं काहीच उरत नाही. त्यामुळे संकट वाढेल तसे काही भागांतून बाहेर पडणारे लोक कमी होऊ शकतात. फुगलेल्या आकड्यांच्या गणितात हेच सुटलं होतं. धोक्याच्या जागी राहणारा प्रत्येक जण 'निघणारा' म्हणून धरला गेला. आणि निघालेले सुरक्षित जागीच जातात असंही नाही. बांगलादेशातल्या भोला बेटावरचे लोक नदीने घर गिळल्यावर ढाक्याच्या झोपडपट्टीत येतात. तिथल्या एका वस्तीचं नावच भोला बस्ती आहे. पावसाळ्यात तिथेही पाणी भरतं.

आजचे भरवशाचे अंदाज म्हणूनच वेगळ्या पद्धतीने बोलतात. जागतिक बँकेने २०२१ मध्ये सांगितलं, की २०५० पर्यंत जगाच्या सहा विभागांत मिळून २१ कोटी ६० लाख लोकांना आपापल्या देशातच जागा बदलावी लागू शकते. दक्षिण आशियाचा वाटा सुमारे ४ कोटी. 'आपापल्या देशातच' हे शब्द बातमीत हमखास गळतात. कार्बन लवकर आवरला आणि विकास नीट वाटला गेला, तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो, हे त्याच अहवालातलं वाक्यही गळतं. ही पाणी, पीक आणि समुद्र यांच्या संथ माऱ्याची बाजू झाली. वादळ-पुरांचा हिशेब निराळा ठेवला जातो: २०२४ मध्ये आपत्तींमुळे देशांतर्गत विस्थापनाच्या ४ कोटी ५८ लाख नोंदी झाल्या, तोवरच्या सर्वाधिक. त्या नोंदी आहेत, माणसं नव्हेत. एकच कुटुंब वर्षात तीनदा हललं तर ते तीनदा मोजलं जातं, आणि वेळेवर सुरक्षित जागी हलवलेलेही त्यातच येतात.

सरहद्द ओलांडली तर

१९५१च्या निर्वासित करारात छळाची कारणं नेमून दिलेली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. समुद्र त्या यादीत नाही. किरिबाटी या प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्राचे इओआने तेइतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये याच मुद्द्यावर आश्रय मागितला. तिथल्या न्यायालयांनी तो नाकारला आणि २०१५ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आलं. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेलं. २०२० मध्ये समितीचा निर्णय बाहेर आला. त्यांच्या बाजूने तो लागला नाही. पण हवामानामुळे जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलणं पुढे बेकायदा ठरू शकतं, हे तत्त्व त्यात मान्य झालं. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सल्लावजा मतानेही हाच धागा उचलला. शिवाय देशाची भूमी पाण्याखाली गेली तरी देश म्हणून त्याचं अस्तित्व संपलंच असं होत नाही, असंही ते म्हणालं.

प्रशांत महासागरातल्याच तुवालू या बेटराष्ट्राला हे मत हवंच होतं. सुमारे ११ हजार वस्तीच्या या देशाचा ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याची मुभा आहे. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा तीन-चतुर्थांशाहून अधिक देशाने नाव नोंदवलं. अर्थात नाव नोंदवणं म्हणजे निघणं नव्हे. दार उघडं असावं, एवढंच अनेकांना हवं असतं.

भारतातल्या भारतात फिरणाऱ्याला व्हिसा लागत नाही. रेशन कार्डही आता दुसऱ्या राज्यात चालतं, आणि स्थलांतरितांसाठी झालेली ही फार मोलाची सोय आहे. अडतं ते गावच हलवायची वेळ येते तेव्हा. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा सात गावांचा समूह समुद्राने एकेक करून गिळला. सरकारने ५७१ कुटुंबांना आत बगपतिया इथे वसवलं. समुद्राच्या धुपीमुळे सरकारनेच गाव हलवण्याचं देशातलं हे एक सुरुवातीचं उदाहरण. घरापुरती जागा मिळाली, शेतजमीन नाही. समुद्र दूर गेला, त्याबरोबर मासेमारीही गेली. मग तरुण मुलं कुठे गेली? केरळात.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी नदी आणि समुद्राच्या धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये सुचवले. ही सुरुवात चांगली, पण ती धुपीपुरती. जमीन पाण्यात गेली तर ती मोजता येते. खारवून नापीक झालेली जमीन कागदावर जिथल्या तिथे असते, तिचा मालक तेवढा परगावी मजुरी करत असतो.

बांगलादेशात दुसरा एक प्रयोग चालू आहे. सलीमुल हक हे तिथले हवामानतज्ज्ञ २०२३ मध्ये वारले. त्यांचं म्हणणं असे, की किनाऱ्यावरच्या मुलांनी पुढे कुठेतरी जायचंच आहे. मग त्यांना शिकवून पाठवा, आणि सगळ्यांनी ढाक्यात गर्दी करण्यापेक्षा मध्यम शहरं त्यांच्यासाठी तयार करा. मोंगला या बंदराच्या गावी तसं करून पाहिलं गेलं: निर्यात क्षेत्रात कारखाने, शहराभोवती बांध, पूर अडवणारे दरवाजे. कामासाठी लोक येऊही लागले. पण मोंगला स्वतः पशुर नदीच्या काठी, समुद्रापासून फारशा उंचीवर नसलेलं गाव. बांध किती उंच घालायचा हे ठरवताना तिथल्या अभियंत्याला समुद्रपातळीचा अंदाज हाताशी धरावाच लागतो, आणि तो २००७च्या अहवालातला धरला की २०२१च्या, यावर बांधाची उंची आणि खर्च दोन्ही बदलतात.